बंदूक घेणाऱ्याची पडताळणी आणि पडताळणीची परीक्षा

१६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले. मृतांमध्ये मुंबईहून उच्च शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि जलविज्ञान शिकवणारे, मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापकही होते. हल्लेखोराकडची दोन्ही पिस्तुले चोरीची नव्हती. त्या वर्षीच्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत त्याने ती परवानाधारक विक्रेत्यांकडून रीतसर घेतली होती. दोन्ही वेळा त्याच्या नावाची सरकारी यंत्रणेकडून पडताळणी झाली आणि दोन्ही वेळा ‘विकायला हरकत नाही’ असे उत्तर आले.

खरे तर ते उत्तर ‘नाही’ असे यायला हवे होते. डिसेंबर २००५ मध्ये व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशाने हा तरुण मानसिक आजारामुळे स्वतःच्या जिवाला धोका ठरू शकतो, असे नोंदवून त्याला बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याचा आदेश दिला होता. असा आदेश झालेल्या माणसाला बंदूक विकता येत नाही, असे केंद्रीय कायदा सांगतो. पण व्हर्जिनिया राज्य तेव्हा फक्त रुग्णालयात भरती करण्याच्या आदेशांचीच माहिती वर कळवत असे. बाह्यरुग्णाचे नाव यादीत गेलेच नाही. संगणकाने यादी चाळली, नाव सापडले नाही, आणि विक्री झाली.

बंदूक विकत घेणाऱ्या प्रत्येकाची, मग ती दुकानातून घेतलेली असो की शेजाऱ्याकडून, पार्श्वभूमी तपासलीच पाहिजे का, हा वाद अमेरिकेत तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो बहुतेक वेळा हक्क विरुद्ध सुरक्षा अशा भाषेत मांडला जातो. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी मात्र त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. पडताळणी ही त्यांच्या दृष्टीने एक चाळणी चाचणी आहे, मधुमेह किंवा क्षयरोग शोधण्यासाठी लोकसंख्येची करतात तशी. म्हणून प्रश्नही तेच: चाचणी किती जणांची होते, ती किती जणांना चुकून सोडून देते, आणि तिच्यामुळे शेवटी मृत्यू कमी होतात का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे.

आधी ही चाचणी होते कशी, ते पाहू. दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला ‘४४७३’ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि मग हो-नाही उत्तरांचे प्रश्न. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? फरारी आहात का? बेकायदा अमली पदार्थ घेता का? घरगुती हिंसाचारात दोषी ठरला आहात का? ही बंदूक खरोखर स्वतःसाठीच घेत आहात ना? दुकानदार ही माहिती वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्ग या छोट्या शहरातील एफबीआयच्या केंद्राकडे पाठवतो. काही राज्यांत हे काम राज्याचीच यंत्रणा करते. केंद्राकडून ‘विका’, ‘विकू नका’ किंवा ‘थांबा’ यांपैकी एक उत्तर येते. बहुतेक गिऱ्हाइकांचा निकाल काही मिनिटांत लागतो. १९९४ पासून २०१५ अखेरपर्यंत असे सुमारे १९ कोटी ७० लाख अर्ज तपासले गेले आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख, म्हणजे दीड टक्का, नाकारले गेले.

या व्यवस्थेला नाव आहे जेम्स ब्रॅडी यांचे. ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा त्यांचे प्रसिद्धी सचिव असलेल्या ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी लागली. ते वाचले, पण उरलेले आयुष्य त्यांनी चाकाच्या खुर्चीत काढले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो मृत्यू ३३ वर्षांपूर्वीच्या त्या गोळीमुळेच झाला, असा निष्कर्ष काढला. हल्लेखोराने ते रिव्हॉल्व्हर डॅलसमधल्या एका गहाणवटीच्या दुकानातून, अर्जावर खोटा पत्ता देऊन घेतले होते. जेम्स यांच्या पत्नी सारा ब्रॅडी यांनी पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये बिल क्लिंटन यांनी ‘ब्रॅडी कायद्या’वर सही केली. सुरुवातीला पिस्तूल घेणाऱ्याला पाच दिवस थांबावे लागे आणि तेवढ्या वेळात स्थानिक पोलीस त्याची माहिती काढत. १९९८ च्या अखेरीस संगणकावरची झटपट पडताळणी आली आणि ते पाच दिवस गेले. रायफल असोसिएशनचा आग्रह झटपट पडताळणीचाच होता. त्या पाच दिवसांना आरोग्याच्या दृष्टीने काय किंमत होती, हे नंतर कळले. त्याकडे पुढे येऊच.

या चाळणीला तीन मोठी छिद्रे आहेत. पहिले व्हर्जिनिया टेकने दाखवले: यादी अपुरी असेल तर पडताळणी फुकट. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेक्ससमधल्या सदरलँड स्प्रिंग्ज गावातील चर्चमध्ये झालेल्या हत्याकांडात हेच पुन्हा घडले. हल्लेखोराला हवाई दलाच्या लष्करी न्यायालयाने घरगुती हिंसाचारासाठी दोषी ठरवले होते, पण हवाई दलाने ते एफबीआयला कळवलेच नव्हते. दोन्ही घटनांनंतर काँग्रेसने नोंदी पाठवण्याबाबत कायदे केले. म्हणजे प्रत्येक वेळी आधी माणसे गेली आणि मग रजिस्टर पूर्ण करण्याची आठवण झाली. सरकारी दप्तरांशी ज्यांचा संबंध आला आहे, अशा मराठी वाचकाला हे नवीन वाटू नये.

दुसरे छिद्र वेळेचे. केंद्राने ‘थांबा’ असे सांगितले आणि कामकाजाच्या तीन दिवसांत पुढचे उत्तर आले नाही, तर दुकानदार बंदूक विकू शकतो. जून २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ जणांना मारणाऱ्याने पिस्तूल असेच मिळवले होते. त्याच्या अमली पदार्थांच्या प्रकरणाची नोंद चुकीच्या पोलीस ठाण्यात शोधली गेली आणि मुदत टळली.

तिसरे छिद्र सर्वांत मोठे आणि सारा वाद त्याच्याभोवतीच. केंद्रीय कायद्याचे बंधन फक्त परवानाधारक विक्रेत्यांवर आहे. एखाद्याने आपली जुनी रायफल ओळखीच्या माणसाला, बंदुकांच्या प्रदर्शनात भेटलेल्या गिऱ्हाइकाला किंवा इंटरनेटवर जाहिरात टाकून भलत्याच कुणाला विकली, तर केंद्रीय कायदा त्याला पडताळणी करायला लावत नाही. समोरचा माणूस अपात्र आहे हे माहीत असताना विकू नये, एवढीच अट. न विचारणाऱ्याला माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्ससमधल्या मिडलंड-ओडेसा भागात सात जणांचा जीव घेणारा माणूस २०१४ मध्ये दुकानातल्या पडताळणीत नापास झाला होता. त्यानंतर त्याने एका खासगी विक्रेत्याकडून रायफल घेतली. चाचणीने आपले काम चोख बजावले होते. पण शेजारचा दरवाजा सताड उघडा होता.

किती बंदुका या दरवाजाने जातात? अनेक वर्षे ‘४० टक्के’ हा आकडा राजकारण्यांच्या भाषणांत फिरत होता. तो १९९४ च्या एका सर्वेक्षणातला, आणि तोही अडीचशेच्या आसपास लोकांच्या उत्तरांवर बेतलेला होता. २०१७ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात नवे राष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. मागील दोन वर्षांत बंदूक मिळवलेल्यांपैकी २२ टक्क्यांनी ती पडताळणीविना मिळवल्याचे त्यात आढळले. चाळिसाच्या जवळपास निम्मा, तरी पाचात एकाहून अधिक.

इतक्या महत्त्वाच्या आकड्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले, यालाही कारण आहे. १९९३ मध्ये डॉ. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी घरात बंदूक असल्यास त्या घरातील माणसाचा खून होण्याची शक्यता वाढते, असे दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा पैसा होता. बंदूकसमर्थक खवळले. १९९६ मध्ये आर्कान्सॉचे खासदार जे डिकी यांनी अंदाजपत्रकात एक वाक्य घालून घेतले: या निधीतून बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करता येणार नाही. सोबत २६ लाख डॉलर कापले गेले. बंदुकीच्या इजांवर सीडीसी तेवढाच खर्च करत होती. वाक्यात संशोधनाला बंदी नव्हती, पण अधिकाऱ्यांनी त्यातला इशारा ओळखला आणि विषयच सोडला. सीडीसीच्या त्या विभागाचे प्रमुख मार्क रोझेनबर्ग आणि डिकी हे तेव्हाचे प्रतिस्पर्धी पुढे मित्र झाले आणि २०१२ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहून संशोधन पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. प्रत्यक्ष पैसा, अडीच कोटी डॉलर, २०१९ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाला. डिकी तोवर हयात नव्हते.

मधल्या काळात विद्यापीठांतील काही चिवट अभ्यासकांनी राज्याराज्यांतील फरकांचा उपयोग करून घेतला. अमेरिकेत वीसच्या आसपास राज्यांनी स्वतःच्या कायद्याने निदान काही खासगी विक्रींवर पडताळणी लागू केली आहे, उरलेल्यांनी नाही. म्हणजे आपोआप घडलेला एक प्रयोगच. जिथे ‘सार्वत्रिक पडताळणी’ आली, तिथे खून आणि आत्महत्या कमी झाल्या का?

कॅलिफोर्नियाचे उत्तर अनेकांना अनपेक्षित होते. तिथे १९९१ पासून जवळपास प्रत्येक बंदूकविक्री, खासगीसुद्धा, परवानाधारक दुकानामार्फत आणि पडताळणी करूनच करावी लागते. शिवाय हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांनाही दहा वर्षे बंदी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अभ्यासकांनी पुढच्या दहा वर्षांतील बंदूकबळींचे प्रमाण तुलनेच्या राज्यांशी ताडून पाहिले. बंदुकीने होणाऱ्या खुनांत किंवा आत्महत्यांत या कायद्यामुळे झाला असे म्हणता येईल असा फरक सापडला नाही. इंडियाना आणि टेनेसी या राज्यांनी १९९८ मध्ये अशा तरतुदी रद्द केल्या, तेव्हा तिथेही प्रमाणात ठळक बदल दिसला नव्हता. या अभ्यासांमागे बंदूक उद्योगाचे कुणी नव्हते. डेव्हिसच्या गटाचे प्रमुख गॅरेन विंटेम्यूट हे आपत्कालीन विभागात रुग्ण तपासणारे डॉक्टर, आणि बंदुकीच्या इजा रोखण्यासाठी आयुष्य वेचलेले अभ्यासक. आपल्याला पटणाऱ्या धोरणाविरुद्ध गेलेला निष्कर्ष त्यांनी दडवला नाही, हे नोंदवायला हवे.

मग पडताळणी निरुपयोगी का? तसा अर्थ काढणे घाईचे ठरेल. कायदा झाला म्हणजे चाचणी झाली असे नाही. कोलोरॅडो, वॉशिंग्टन आणि डेलावेअर या तीन राज्यांत सार्वत्रिक पडताळणीचे कायदे आल्यानंतर प्रत्यक्ष पडताळण्यांची संख्या वाढली का, हे तपासले गेले. वाढ स्पष्ट दिसली ती फक्त डेलावेअरमध्ये. उरलेल्या दोन राज्यांत कायदा पुस्तकात आला, आणि लोक बहुधा पूर्वीसारखेच एकमेकांना बंदुका विकत राहिले. नेव्हाडात तर आणखी वेगळे घडले. मतदारांनी २०१६ मध्ये निसटत्या बहुमताने कायदा मंजूर केला, पण त्यातले काम एफबीआयवर टाकले होते आणि एफबीआयने ते करायला नकार दिला. राज्याला नवा कायदा करून तो २०२० मध्ये अमलात आणावा लागला.

आता दुसऱ्या प्रकारची राज्ये पाहू. कनेक्टिकटने १९९५ मध्ये पिस्तूल घेण्याआधी परवाना सक्तीचा केला. गिऱ्हाइकाने स्वतः पोलिसांकडे जायचे, बोटांचे ठसे द्यायचे, किमान आठ तासांचे प्रशिक्षण घ्यायचे, वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली असायची, आणि परवाना हातात पडल्यावरच दुकानात किंवा खासगी विक्रेत्याकडे जायचे. जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासकांनी याचा परिणाम मोजण्यासाठी इतर राज्यांच्या आकडेवारीचे योग्य प्रमाणात मिश्रण करून कागदावर एक ‘प्रतिकनेक्टिकट’ तयार केले. कायदा नसता तर काय झाले असते, याचा तो अंदाज. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पहिल्या दहा वर्षांत बंदुकीने झालेले खून अंदाजापेक्षा ४० टक्क्यांनी कमी होते. मिश्रणात शेजारच्या छोट्याशा ऱ्होड आयलंडचा वाटा फार मोठा होता, त्यामुळे त्या राज्यातल्या चढउतारांनी निष्कर्ष फुगला असावा, अशी टीका झाली. ती रास्तच होती. त्याच संस्थेतल्या अभ्यासकांनी अधिक वर्षांची आकडेवारी घेऊन २०२० मध्ये पुन्हा गणित मांडले, तेव्हा घट सुमारे २८ टक्क्यांवर आली. कमी, पण नगण्य खासच नव्हे.

मिझुरीत हेच उलट्या दिशेने झाले. तिथे पिस्तूल घेण्यासाठी काउंटीच्या शेरीफकडून परवाना घेण्याची १९२१ पासूनची पद्धत होती. २००७ मध्ये ती रद्द झाली. डॅनियल वेबस्टर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्यानंतरच्या वर्षांत बंदुकीच्या खुनांचे प्रमाण पाव हिश्शाच्या आसपास वाढले. एवढ्यावरून कुणी म्हणेल, वाढीची कारणे दुसरी असतील. म्हणून त्यांनी आणखी एक धागा तपासला. गुन्ह्यांच्या ठिकाणी सापडलेल्या बंदुकांपैकी राज्यातच आणि अलीकडेच विकल्या गेलेल्या बंदुकांचा वाटा वाढला होता का? वाढला होता. बंदूक दुकानातून निघून गुन्हेगाराच्या हाती जाण्याचा रस्ता आखूड झाला होता.

याच ओळीत कागदावरची पडताळणी आणि परवाना यांतला फरक उलगडतो. झटपट पडताळणीत अर्ज दुकानदाराच्या हाती असतो, आणि दुकानदाराला विक्री हवी असते. एखाद्या टोळीने स्वच्छ नावाच्या मैत्रिणीला किंवा भावाला पुढे केले, तर संगणक तिच्या किंवा त्याच्या नावालाच उत्तर देतो. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात जिला बेनामी खरेदी म्हणतात, तीच ही. परवान्यासाठी मात्र पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते, ठसे द्यावे लागतात, थांबावे लागते. दुसऱ्यासाठी बंदूक घेणारा तिथेच बिचकतो, असे अभ्यासकांना वाटते. आणि खासगी विक्रेत्यालाही सोपे जाते: समोरच्याकडे परवाना आहे का, एवढेच पाहायचे. भारतात शस्त्र अधिनियमानुसार आधी परवाना, मग शस्त्र असाच क्रम आहे; चारित्र्य पडताळणीचा अहवाल पोलीस ठाण्यातून जातो. अमेरिकेत एवढे सुचवणेही अनेक राज्यांत राजकीय आत्मघात समजला जातो.

विरोधकांचा युक्तिवाद एका वाक्यात उडवून लावण्यासारखा नाही. गुन्हेगार पडताळणी करून घ्यायला जाणारच नाहीत, हा त्यांचा पहिला मुद्दा आहे आणि आकडे त्याला बरेच पाठबळ देतात. २०१६ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांचे सरकारी सर्वेक्षण झाले. गुन्ह्याच्या वेळी बंदूक जवळ असलेल्यांपैकी ४३ टक्क्यांनी ती रस्त्यावरच्या चोरट्या बाजारातून आणि सुमारे चौथ्या हिश्शाने नातेवाईक किंवा मित्राकडून मिळवली होती. दुकानासारख्या ठिकाणाहून मिळवलेले दहा टक्के. ज्या बंदूक प्रदर्शनांचा एवढा गवगवा होतो, तिथून मिळवलेले एक टक्काही नाहीत. अर्थात चोरट्या बाजारातली बंदूकही कधीतरी कुणीतरी कायदेशीर विकत घेतलेलीच असते, ही त्याची दुसरी बाजू.

दुसरा मुद्दा नोंदवहीचा. कोणती बंदूक कुणाकडे आहे याची नोंद नसेल, तर कालची खासगी विक्री पडताळणी करून झाली की न करता, हे पोलिसांनी कसे ओळखायचे? २०१३ च्या जानेवारीत न्याय खात्याच्या संशोधन संस्थेतल्या एका अंतर्गत टिपणानेही हेच म्हटले होते: सार्वत्रिक पडताळणीची परिणामकारकता बेनामी खरेदी रोखण्यावर आणि बंदुकांच्या नोंदणीवर अवलंबून राहील. रायफल असोसिएशनने हे टिपण लगेच जाहिरातींत वापरले. कारण नोंदणी ही अमेरिकी बंदूकधारकाची सर्वांत जुनी भीती आहे. आज यादी, उद्या जप्ती. १९८६ च्या कायद्याने केंद्राला अशी यादी ठेवायला मनाई आहे. मंजूर झालेल्या पडताळणीची नोंद एफबीआयला २४ तासांत नष्ट करावी लागते. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढण्याचे काम वेस्ट व्हर्जिनियातल्याच मार्टिन्सबर्ग इथे चालते, आणि बंद पडलेल्या दुकानांची दप्तरे तिथे मालकाच्या नावाने संगणकावर शोधता येत नाहीत. कर्मचाऱ्यांना पाने चाळावी लागतात. जगातल्या सर्वांत प्रगत संगणक उद्योगाच्या देशात हे मुद्दाम, कायदा करून ठेवलेले मागासलेपण आहे.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट बहुधा निसटते. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६ हजार ७०० हून अधिक लोक मेले. त्यांपैकी २७ हजारांहून अधिक, म्हणजे निम्म्याहून बरेच जास्त, आत्महत्या होत्या. सामूहिक हत्याकांडांच्या बातम्यांवरून ज्याचे मत बनते, त्याला हे प्रमाण खरेही वाटत नाही. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा थोड्या काळाचा असतो आणि तो टळला तर माणूस सावरू शकतो. बंदूक हाताशी असेल तर सावरायला सवड मिळत नाही. कॅलिफोर्नियातील अडीच कोटींहून अधिक प्रौढांचा माग घेणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत आत्महत्येचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक आणि स्त्रियांत सातपट होते. धोका पहिल्या खरेदीनंतर लगेच सर्वाधिक होता, पण बंदुकीने झालेल्या या आत्महत्यांपैकी निम्म्याहून अधिक खरेदीला वर्ष उलटून गेल्यावर झाल्या. (मनात असे विचार येत असतील, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.)

नैराश्यात बुडालेल्या बहुतेक माणसांची न्यायालयात किंवा पोलिसांत कसलीच नोंद नसते. पडताळणी त्यांना अडवूच शकत नाही. पण थांबा घेणे अडवू शकते. ब्रॅडी कायद्याचा परिणाम तपासणारा पहिला मोठा अभ्यास जेन्स लुडविग आणि फिलिप कुक यांनी २००० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कायद्यामुळे बदललेल्या ३२ राज्यांत खुनांचे प्रमाण इतर राज्यांच्या तुलनेत घटलेले दिसले नाही. घटल्या त्या पंचावन्न वर्षांवरील लोकांच्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या, आणि त्याही जिथे पडताळणीसोबत थांबण्याची मुदत आली तिथे अधिक. झटपट पडताळणी आली तेव्हा वाऱ्यावर सोडलेले पाच दिवस ते हेच.

मग एवढे असूनही राजकीय लढाई सार्वत्रिक पडताळणीवरच का होते? कारण ती सर्वांना पटण्यासारखी वाटते. जनमत चाचण्यांत ८० टक्क्यांहून अधिक अमेरिकी खासगी विक्रीवरही पडताळणी हवी असे सांगतात, त्यांत बंदूकधारकही मोठ्या संख्येने असतात. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. पुढच्या एप्रिलमध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन आणि पेनसिल्व्हेनियाचे पॅट टूमी यांनी दोन्ही पक्षांच्या वतीने प्रदर्शनांतल्या आणि इंटरनेटवरच्या विक्रीला पडताळणी लावण्याचा प्रस्ताव आणला. सिनेटमध्ये बाजूने ५४ आणि विरोधात ४६ मते पडली. हवी होती ६०. प्रतिनिधीगृहाने २०१९ आणि २०२१ मध्ये याहून व्यापक विधेयके मंजूर केली, ती सिनेटमध्ये पुढे सरकली नाहीत. सँडी हूकच्या हल्लेखोराने आईच्या नावावरच्या, कायदेशीर घेतलेल्या बंदुका वापरल्या होत्या, म्हणजे त्या विधेयकाने ती घटना टळली नसती, हे विरोधकांनी तेव्हा वारंवार सांगितले आणि ते खरे होते. २०२२ मध्ये युवाल्डीच्या शाळेतील हत्याकांडानंतर मात्र थोडेसे घडले. २१ वर्षांखालील गिऱ्हाइकांची अधिक खोल तपासणी सुरू झाली आणि नफ्यासाठी बंदुका विकणाऱ्याने परवाना घ्यावा, ही व्याख्या रुंदावली. २०२४ मध्ये बायडेन प्रशासनाने त्या आधारे काढलेल्या नियमाला टेक्ससने लगेच न्यायालयात आव्हान दिले.

परवान्याचा रस्ता न्यायालयातूनही जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या ब्रुएन खटल्यात बंदूक बाळगण्याच्या हक्काची व्याप्ती वाढवल्यावर असे कायदे टिकतील का, अशी शंका होती. मेरीलँडचा परवाना कायदा आधी एका अपील खंडपीठाने रद्द केला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो वैध ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. वॉशिंग्टन राज्यानेही २०२५ मध्ये परवान्याचा कायदा केला. तो २०२७ मध्ये लागू व्हायचा आहे.

ईशान्येकडच्या मेन राज्याची वाट आणखी निराळी. शिकार तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा छंद आहे आणि गुन्हेगारी देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांपैकी ते एक. २०१६ मध्ये तिथल्या मतदारांनी सार्वत्रिक पडताळणीचा प्रस्ताव थोड्या मतांनी फेटाळला. काकाची बंदूक पुतण्याने शिकारीला नेली तरी दुकानात जायचे का, असा प्रश्न गावागावांत विचारला गेला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये लुइस्टन शहरात एका राखीव सैनिकाने १८ जणांना ठार केले. त्याने रायफल जुलैत दुकानातून, पडताळणीत पास होऊन घेतली होती. मनोरुग्णालयात तो भरती झाला त्यानंतर काही दिवसांनी. खरेदीच्या दिवशी यादीत सापडण्यासारखे काही नव्हतेच.

पुढच्या वर्षी मेनच्या विधिमंडळाने जाहिरात देऊन होणाऱ्या खासगी विक्रीला आणि प्रदर्शनांना पडताळणी लावली. कुटुंबातल्या देवाणघेवाणीला त्यातून वगळले. सोबत बंदूक हातात मिळण्याआधी ७२ तास थांबण्याची अट घातली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांनी धोकादायक अवस्थेतील माणसाची बंदूक काही काळासाठी काढून घेण्याची मागणी त्याच्या कुटुंबीयांना थेट न्यायालयात करता यावी, या प्रस्तावाच्या बाजूने कौल दिला. लुइस्टनच्या त्या सैनिकाच्या घरच्यांनी हल्ल्याच्या काही महिने आधीच त्याच्या अवस्थेची आणि त्याच्याकडच्या बंदुकांची माहिती पोलिसांना दिली होती.